दुःखिताचे गुपित आणि शेजाऱ्याचे कर्तव्य

एका खेड्यातील उपदेशक बंधूंनी आम्हांस पुढील प्रश्न विचारला आहे. कोणी मनुष्य एकांतात आपणाजवळ येतो, "मी सांगतो ते कोणाजवळ बोलणार नाही असा शब्द द्या," असे म्हणतो, आणि शब्द घेतल्यावर सांगतो की, मला आता जगावेसे वाटत नाही. अशा वेळी दिलेला शब्द पाळावा की मोडावा? उपदेशक बंधू लिहितात की, त्यांनी पुष्कळ विचार केला, परंतु त्यांस दोन्हीकडे दोषच दिसतो.

या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येईल. "जीव मोठा की शब्द मोठा?" असे विचारले म्हणजे झाले. परंतु असे झटपट उत्तर देणाऱ्यास खेड्यातील जिणे ठाऊक नाही, असे आम्ही समजू. सकाळी नळावर निघालेली गोष्ट दिवेलागणीपूर्वी शिवेपर्यंत पोहोचते. "त्या घरात वेड आहे" एवढे चार शब्द एकदा बाहेर पडले म्हणजे धाकट्या बहिणीची सोयरीक मोडते, भावाला उसनवार कोणी देत नाही, आणि ज्याच्याविषयी हे बोलणे झाले तो पुढे वीस वर्षे शहाणा वागला तरी त्याच्या प्रत्येक रागाला लोक तेच नाव देतात. मग असा मनुष्य दुसऱ्यापाशी मन उघडण्यापूर्वी शब्द मागतो, यात नवल कसले? त्यास दोन भये असतात. एक आपल्या मनाचे, आणि दुसरे शेजाऱ्याच्या जिभेचे. यांतले दुसरे भय आपण, म्हणजे शेजाऱ्यांनी, निर्माण केलेले आहे, हे प्रथम कबूल करून मग पुढे जावे हे बरे.

हा प्रश्न खेड्यापुरताही नाही. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे मुलगे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कोल्हापुरास जातात, आणि त्यांतील कित्येक शिवाजी पेठेत भाड्याची खोली घेऊन राहतात. पेठ जुनी आहे. तेथे गांधी मैदान आहे, अर्धा शिवाजी पुतळा आहे, गल्लोगल्ली तरुण मंडळे आहेत, आणि रंकाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या पेठेला बळाचा अभिमान आहे, आणि तो साजेसाही आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या नगरीत १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, त्या नगरीतील तालमींची ही पेठ. परंतु बळाच्या अभिमानात एक खोड असते. "मला सोसत नाही" हे वाक्य तेथे तोंडातून निघत नाही. गंमत अशी की, तालमीतला नियम याच्या अगदी उलट आहे. पहिलवानाचा खांदा निखळला तर तो झाकून घरी बसत नाही. तो वस्तादाकडे जातो, वस्ताद हात धरून पाहतो, आपल्या आवाक्यातले असेल तर बसवतो आणि नसेल तर दवाखान्यात धाडतो. यात पहिलवानाची इज्जत गेली असे कोणी म्हणत नाही. जो खांदा लपवून पुन्हा मातीत उतरतो त्यालाच वस्ताद मूर्ख म्हणतो. शरीराविषयी जी अक्कल आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती मनाविषयी आपण आखाड्याबाहेरच ठेवली.

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला, तेव्हा या शहरातील तालमींनी व मंडळांनी लोकांना पाण्यातून काढले, जेवण शिजवून वाटले, कोण कोणत्या जातीचा हे विचारले नाही. पाणी सर्वांना दिसत होते. मनात चढणारे पाणी दिसत नाही. ते कोणीतरी बोलून दाखवावे लागते, आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

त्याच पेठेतली एक गोष्ट आमच्या माहितीतली आहे. संबंधितांची ओळख पटेल असे काही आम्ही लिहीत नाही. खेड्यातून आलेले दोन विद्यार्थी एका खोलीत राहत. त्यांतला एक परीक्षेत दोनदा नापास झाला होता. बापाने त्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढले होते. तो रात्री झोपेनासा झाला. जेवण ताटात तसेच टाकू लागला. आपली पुस्तके आणि चांगले कपडे त्याने दुसऱ्यांना देऊन टाकले. एका रात्री त्याने सोबत्याकडून शब्द घेतला आणि मग सांगितले की, आता मला शेवट करावयाचा आहे. सोबती एकोणीस वर्षांचा पोर. त्याने तीन दिवस शब्द पाळला, म्हणजे तीन रात्री तो स्वतःही झोपला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्याने मित्रास सांगितले, "मी आज मावशींना सांगणार आहे. तू बरोबर आलास तर बरे. न आलास तरी मी सांगणारच." मावशी म्हणजे ज्या बाई त्यांना जेवणाचे डबे देत, त्या. शिक्षण फारसे नाही. त्या माउलीने ऐकून घेतले, हंबरडा फोडला नाही, की उपदेशही केला नाही. "आदी चार घास खा, मग बोलूया," असे म्हणून तिने त्यास चुलीपाशी बसवले. मग तिने सरळ विचारले, "जिवाचं काय बरंवाईट करायचं मनात हाय का रं?" तो हो म्हणाला आणि रडला. त्याच्या संमतीने तिने त्याच्या थोरल्या भावास फोन केला. भाऊ येईपर्यंत त्यास एकटे सोडले नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः त्या दोघा भावांबरोबर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ज्यास सर्व जिल्हा सीपीआर म्हणतो तेथे, केसपेपरच्या रांगेत उभी राहिली. बरोबर भाकरीचा डबा होता. मानसोपचाराच्या विभागात डॉक्टरांनी पुष्कळ वेळ बोलणे केले, औषध दिले, आणि पुन्हा बोलावले.

तो बरा झाला, पण एका आठवड्यात नव्हे. खिन्नतेच्या अशा औषधांचा गुण दिसू लागण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, हे पुष्कळांस माहीत नसते. आठ दिवसांत फरक नाही म्हणून लोक गोळ्या टाकून देतात, किंवा बरे वाटले की आपल्याच मनाने बंद करतात, आणि दुखणे उलटते. या मुलाच्या भावाने गावात "पोटाचे दुखणे आहे" असे सांगितले. लबाडीची स्तुती आम्ही करणार नाही. "आजारी आहे, औषध चालू आहे," एवढेच सांगून गप्प बसला असता तरी चालले असते, कारण खरे बोलणे म्हणजे सर्व काही बोलणे नव्हे. शब्द मोडणाऱ्या सोबत्याचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मित्र त्याच्याशी कित्येक आठवडे बोलला नाही. "तू शब्द मोडलास" हे एकच वाक्य त्याने त्यास ऐकवले. पुढे बोलणे सुरू झाले, परंतु पूर्वीचा मोकळेपणा आला की नाही याची आम्हांस शंका आहे. शब्द मोडण्याची काही किंमत पडते, ती त्या पोराने दिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ठेव परत करणे हा धर्म आहे, आणि कोणाचे गुपित ही त्याची ठेवच होय. परंतु ठेवीचा नियम ठेव ठेवणाऱ्याच्या हिताकरिता केलेला असतो. जी ठेव जपून ठेवल्याने ठेवणारा मनुष्यच नाहीसा होतो, ती कोणासाठी जपली म्हणावी? शिवाय आमच्या मते त्या शब्दाच्या आत एक विरोध आहे, आणि तो ओळखता आला म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. ज्याला खरोखर कोणालाही कळू द्यावयाचे नाही, तो तुम्हांलाही सांगत नाही. तो सांगतो, याचा अर्थ त्याचे अर्धे मन अजून काठ शोधते आहे. "कोणास सांगू नका" हे त्याची लाज बोलते. "मला जगावेसे वाटत नाही" हे त्याचे दुःख बोलते. आणि तो तुमच्या दाराशी चालत आला, हे त्याच्यातल्या जगू इच्छिणाऱ्या माणसाचे बोलणे आहे. तिघांपैकी कोणाला दिलेला शब्द पाळावयाचा, हे ऐकणाऱ्याला ठरवावे लागते.

यावर कोणी म्हणेल, "मग गुपित हे गुपितच राहिले नाही, ज्याला वाटेल त्याने जिवाचे निमित्त करून गावभर करावे." नाही. येथेच विवेकाची जागा आहे. आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत जी रेषा आखली आहे ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्यात रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे. आणि अपवाद जे सांगितले आहेत त्यांत एक असा की, जिवावरचा धोका टाळण्यासाठी जेवढी माहिती अवश्य असेल तेवढीच देता येते. तो नियम डॉक्टरांसाठी व उपचार करणाऱ्यांसाठी आहे. परंतु पाळकाने, उपदेशकाने, शेजारणीने आणि सोबत्याने तोच आपल्या गाठीस बांधला तर काय हरकत आहे? अवश्य तेवढेच सांगावे, आणि अवश्य त्यालाच सांगावे. शिवाजी पेठेतल्या त्या मुलाने एका मावशीस सांगितले. मंडळाच्या कट्ट्यावर सांगितले नाही. मावशीने भावास व डॉक्टरास सांगितले. डब्याच्या इतर पोरांस सांगितले नाही. आणि त्या मुलाने तिसरी एक गोष्ट केली, जी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. त्याने सांगण्यापूर्वी मित्राच्या तोंडावर सांगितले की, मी सांगणार आहे. पाठीमागे केलेला उपकारसुद्धा फितुरीसारखा भासतो.

उपदेशक बंधूंस आमची एक व्यवहारातली सूचना आहे. असा कोरा शब्द देऊच नये. कोणी "कोणास सांगणार नाही ना?" असे विचारले तर म्हणावे, "तुमची गोष्ट मी कोणाजवळ काढणार नाही. मात्र जिवाला धोका आहे असे मला दिसले तर मी एकटा ते ओझे उचलणार नाही, आणि कोणास सांगतो ते आधी तुम्हांला सांगेन." असे म्हटल्याने तो उठून जाईल अशी भीती वाटते. आमचा अनुभव असा की, बहुधा तो बसतो. आपल्या दुःखास कोणी इतके खरे मानले, हेच त्यास नवीन असते.

आणि प्रश्न सरळ विचारण्यास भिऊ नये. "मरणाचे नाव काढले तर त्याच्या डोक्यात ते भरेल" अशी समजूत सर्वत्र आहे. ती खोटी आहे. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांस असे आढळले आहे की, शांतपणे व सरळ विचारल्याने विचार नव्याने उत्पन्न होत नाही, उलट मनावरचे दडपण हलके होते. त्या मावशीने हे कोठे वाचले नव्हते.

बडबड आणि मदत या दोहोंतला फरक समजण्यासाठी कोल्हापूरच्याच इतिहासातील एक करुण प्रसंग पाहावा. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इटलीत फ्लॉरेन्स येथे वारले, आणि त्यांच्यामागे शिवाजी महाराज, ज्यांस इतिहासात चौथे शिवाजी म्हणतात, लहान वयात दत्तक घेऊन गादीवर बसवले गेले. वयात येता येता त्यांस वेड लागले आहे असे सरकारी अधिकाऱ्यांनी ठरवले. दुसरा पक्ष म्हणू लागला की, वेड नाही, छळ आहे. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांजवर आरोप केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले होते ती खोटी ठरली. आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. सर्व महाराष्ट्रात या एका तरुणाच्या मनाविषयी बोलणे चालले होते. आणि तो तरुण स्वतः? त्यास तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात गोऱ्या सोजिरांच्या पहाऱ्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, नाताळाच्या दिवशी, ग्रीन नावाच्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षांचे होते.

ते खरोखर आजारी होते किंवा नव्हते, हा वाद तेव्हा फार रंगला. आम्हांस वाटते की, त्या वादानेच मुख्य गोष्ट झाकून टाकली. आजारी नसतील तर त्यांस कोंडणे हा अन्याय होता. आणि आजारी असतील तर आपली भाषा, आपली माणसे व आपले घर यांपासून तोडून शिपायांच्या हाती देणे हा त्याहून मोठा अन्याय होता, कारण आजाऱ्याला या तिन्हींची गरज निरोग्यापेक्षा अधिक. संपादकांचा हेतू चांगला होता. तरीही त्यांचे शब्द किल्ल्याच्या भिंतीपलीकडे त्या मुलापर्यंत पोहोचले नाहीत. ज्याच्याविषयी सर्व जग बोलते आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही, असा मनुष्य राजवाड्यात असतो तसा आपल्या गल्लीतही असतो.

आता आमच्या मंडळ्यांतील एका खास अडचणीविषयी. आमच्यात पुष्कळ भाविक मंडळी असे म्हणतात की, विश्वासणाऱ्याने खिन्न होणे हेच अविश्वासाचे लक्षण आहे. प्रार्थना वाढवावी, डॉक्टर कशाला? असे म्हणणाऱ्यांनी एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचावी. तो रानात झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा त्यास पहिल्याने बोध होत नाही. त्यास झोप मिळते, भाकर मिळते, पाणी मिळते. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणे पुष्कळ पुढे, डोंगरावर पोहोचल्यावर. ईयोबाच्या मित्रांचेही असेच पाहावे. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. त्यांनी तोंड उघडून कारणे सांगण्यास आरंभ केला आणि सर्व बिघडले. समाचारास जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी या दुसऱ्या भागाचे अनुकरण करण्यात फार प्रावीण्य मिळवले आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

आणि औषधाला विरोध तरी कोणत्या तोंडाने करावा? डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केले, तेथे आमच्या आजोबा-पणजोबांची पिढी बैलगाडीत बसून गेली. मोतीबिंदू काढून घेणे हा अविश्वास आहे असे तेव्हा कोणी म्हटले नाही. डोळ्याला जे लागू, ते मेंदूला का लागू नये?

दुसरी मंडळी याहून वाईट वाट धरतात. रुग्णाच्या अंगात काही शिरले आहे असे ठरवून त्यास बांधतात, मारतात, धूर देतात. आणि नाव बदलून हे ख्रिस्ती घरांतही चालते. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यांस पळता आले नाही. आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या निमित्ताने मारणे व बांधणे हा त्याखाली गुन्हा आहे. २०१७ च्या अधिनियमानेही रुग्णास साखळीने बांधण्यास सर्वथा मनाई केली आहे. प्रार्थना करणाऱ्यांस कोणी अडवीत नाही. दोरी घेऊन येणाऱ्यास दाराबाहेरच थांबवावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे डॉक्टरांपासूनही लपवतात. कोणी जिवावर उठून वाचला तर "केस होईल" म्हणून उपचारासच उशीर करतात, आणि त्यात जीव जातो. त्यांस सांगावे की, उपरोक्त अधिनियमाप्रमाणे असा मनुष्य तीव्र तणावाखाली होता असेच मानावयाचे आहे, आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत अशा प्रयत्नास सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलम राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा निराळा धरला आहे.

मदत कोठे मिळेल, हे प्रत्येक उपदेशकास तोंडपाठ असावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि मानस' ही सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केल्यास रात्री-अपरात्रीही मनुष्य बोलतो, मराठीतही बोलतो, आणि पैसे पडत नाहीत. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. त्याच्यासाठी झुरणाऱ्या आईनेही करावा, आणि काय करावे हे न सुचणाऱ्या पाळकानेही करावा. कोल्हापुरास सीपीआर आहे. तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे. रुग्णास भरती करून दीर्घ उपचार करावे लागले तर रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव आमच्या भागात अजून शिवीसारखे वापरतात, ही लाजेची गोष्ट होय.

"परंतु आम्ही अशिक्षित, आमच्याने काय होणार?" असे कोणी उपदेशक म्हणेल. त्यांनी पुढील गोष्ट ऐकावी. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे उपचार घेणारी एक तरुण स्त्री पुढच्या भेटीस आली नाही, आणि तिने जीव दिला. का आली नाही? बसभाड्यास पैसे नव्हते. तेव्हा २००६ साली त्यांनी हरारे शहरातील वस्तीतल्या आज्यांस शिकवले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक; त्यावर आजी बसते; जो येईल त्याचे ऐकते; त्याच्या अडचणींतली एकच निवडून ती कशी सोडवावी हे त्याच्याबरोबर ठरवते; आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेर दिसले तर डॉक्टरांकडे पाठवते. २०१६ साली या कामाची रीतसर तपासणी प्रसिद्ध झाली, आणि बाकावर येणाऱ्यांची खिन्नता इतरांपेक्षा पुष्कळ कमी झालेली आढळली. दूर कशाला, आपल्या शेजारी गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने हेच केले. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांस शिकवून सरकारी आरोग्यकेंद्रांत बसवले, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. आजीला, मावशीला, उपदेशकाला जे येते त्याला अभ्यासाची जोड दिली एवढेच.

मात्र आजी प्रकरण पुढे पाठवते, हे विसरू नये. जो उपदेशक सर्वांचे सर्व दुःख एकटाच पोटात घालतो, तो एके दिवशी स्वतः आडवा होतो. अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या बायकामुलांस विचारा.

आमच्या शेतकरी बंधूंसाठी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. पिकांवर मारावयाची विषारी औषधे घरात, हाताशी ठेवू नयेत. कुलपात ठेवावी, आणि घरात कोणी खिन्न असेल तर दुसऱ्याच्या घरी ठेवावी. "ज्याला मरावयाचे तो कसाही मरेल" हे बोलणे खरे नाही. श्रीलंकेत अत्यंत जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली गेली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. मरणाची लाट बहुधा थोड्या वेळाची असते. त्या वेळेपुरते साधन दूर असले व माणूस जवळ असला, तर ती ओसरते.

आणि लाट ओसरल्यावर काय? त्या मनुष्यास रोजचा दिवस काढावयाचा असतो. याविषयी कोल्हापूरचेच एक उदाहरण देऊन आम्ही थांबतो. १२ जून १९१८ रोजी शाहू महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीतील अपघाताने वारले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. त्या काळी विधवेस अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यात बसवीत, आणि समाचारास येणाऱ्या बाया तिच्या नशिबाची चर्चा तिच्याच देखत करीत. महाराजांचे स्वतःचे काळीज फाटले होते. त्यांनी सुनेस कोपऱ्यात बसवले नाही. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे तिची राहण्याची व शिक्षणाची व्यवस्था केली, शिक्षक नेमले, आणि तिला एकटीने शिकावे लागू नये म्हणून निरनिराळ्या जातींच्या चार मुली तिच्याबरोबर शिकण्यास व राहण्यास ठेवल्या.